अंगावरून पांढरे जाणे : एका विकाराची कैफियत

१९८९ च्या जानेवारीत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयीचा एक लेख प्रसिद्ध झाला, आणि ज्या गोष्टीचा उच्चार आपल्याकडे माजघराच्या उंबऱ्याबाहेर सहसा होत नसे ती आकड्यांनिशी जगातील वैद्यांपुढे येऊन उभी राहिली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी त्या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. दवाखान्यात आपण होऊन आलेल्या रुग्ण स्त्रियांची नव्हे, तर दुखणे असो वा नसो, गावात नांदणाऱ्या स्त्रियांची. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग यांपैकी एक तरी विकार आढळला, दर स्त्रीमागे अशा विकारांची सरासरी ३.६ भरली, आणि या साऱ्या रुग्णतेतील निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा निघाला. पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. मला त्या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वाटतो तो निराळाच : या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांची काही तक्रारच नव्हती. काही रोग लक्षणांवाचून राहतात हे खरे; परंतु अंगावरून पांढरे जाणे, खाज, जळजळ ही बाईच्या जन्माबरोबर आलेली गोष्ट आहे, तिची दाद कोणाकडे मागायची, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरली असेल तेथे तक्रारीची नोंद तरी कोठून व्हावी?

या विकारांपैकी एकाचा, योनिमार्गातील बुरशीच्या संसर्गाचा, येथे मुख्यत्वे विचार करावयाचा आहे. तो प्राणघातक नाही, त्याचा इलाज स्वस्त आहे, आणि चारांपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो गाठतो, असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण अंदाज आहे. असे असूनही या साध्या विकाराभोवती लज्जा आणि संशय यांचे जे जाळे विणले गेले आहे, त्यामुळे एका बाजूने स्त्रीला निष्कारण दोष लागतो व दुसऱ्या बाजूने जे आजार खरोखर संबंधांतून पसरतात व खरोखर धोक्याचे असतात त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. हे दोन्ही अन्याय एकाच अज्ञानातून जन्मले असल्यामुळे बुरशीची कारणे आणि सुरक्षित शरीरसंबंध हे दोन विषय मी जाणूनबुजून एकत्र घेत आहे.

प्रथम निरोगी अवस्थेत काय असते ते पाहू. ऋतुप्राप्तीपासून ऋतुनिवृत्तीपर्यंत स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाहत असते, आणि त्याच्या प्रभावाने योनीच्या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन नावाचा पिष्टमय पदार्थ साठतो. दह्याच्या विरजणात जे जंतू काम करतात त्यांच्याच कुळातील लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू तेथे वस्तीला असतात. ते या साठ्यातून निर्माण होणाऱ्या शर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्या जागेचा सामू ३.८ ते ४.५ च्या दरम्यान, म्हणजे चांगलाच आंबट, ठेवतात. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन वैद्याने १८९२ साली या जंतूंचे वर्णन केले. या आम्लतेपुढे बहुतेक रोगजंतूंचा टिकाव लागत नाही. बिनवासाचा, पातळ वा किंचित चिकट, पांढरट स्राव निरोगी स्त्रीलाही येतो. पाळीच्या मध्यावर व गरोदरपणी तो वाढतो, आणि त्यात रोगाचा अंशही नसतो. ‘पांढऱ्या पदराने हाडे झिजतात’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे. त्याला शारीरशास्त्रात कोठेही आधार नाही.

कॅन्डिडा अल्बिकान्स ही बुरशी याच परिसरात, आतड्यात, तोंडात, त्वचेवर, मुकाट्याने राहत असते. १० ते २० टक्के निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात ती सापडते आणि त्यांना तिचा पत्ताही नसतो. म्हणून ‘ही बुरशी आली कोठून?’ हा प्रश्न बहुधा गैरलागू असतो. खरा प्रश्न असा, की इतके दिवस निमूट असलेली बुरशी आताच का माजली? एरवी गोल पेशींच्या रूपात असणारी ही बुरशी अनुकूल परिस्थिती मिळताच लांब तंतू काढते, ते तंतू अस्तराला चिकटतात व त्यात घुसतात, आणि मग शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळून उठते. असह्य खाज, लाली, सूज, लघवीच्या वेळी बाहेरच्या त्वचेला झोंबणे, संबंधाच्या वेळी वेदना आणि दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट स्राव ही त्या खवळण्याची लक्षणे होत.

बुरशी माजण्याच्या कारणांत प्रतिजैविकांना मी अग्रस्थान देतो, कारण ती आपल्याकडे वारेमाप घेतली जातात. घसा दुखला, ताप आला, की औषधाच्या दुकानातून पाच गोळ्या आणावयाच्या, आणि त्या गोळ्यांनी घशातील जंतूंबरोबर योनिमार्गातील राखणदार लॅक्टोबॅसिलसही मारावेत, हा क्रम घरोघरी चालतो. ही प्रतिजैविके जंतूंना मारतात, बुरशीला नव्हे. तेव्हा शेजारी नाहीसे झाले की बुरशीला मोकळे रान मिळते. तापाच्या औषधानंतर आठ दिवसांत खाज सुरू झाली तर त्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

दुसरे कारण मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना आपल्या रोगाची वार्ताही नाही. रक्तातील साखर वाढली म्हणजे ऊतींतील व लघवीतील साखरही वाढते, प्रतिकारशक्ती मंदावते, आणि बुरशीला आयतेच खाद्य मिळते. चाळिशी ओलांडलेल्या बाईला वरचेवर खाजेचा त्रास होत असेल तर तिला मलम लिहून देऊन वाटेला लावण्यापूर्वी तिच्या रक्तातील साखर तपासली पाहिजे. कित्येकींचा मधुमेह प्रथम या वाटेनेच उघडकीस येतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरील अलीकडची औषधे, हृदय व मूत्रपिंड यांना हितकारक असली तरी, साखर लघवीवाटे बाहेर टाकत असल्यामुळे बुरशीचा उपद्रव वाढवतात. तशी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसे कळवावे, एवढाच त्याचा अर्थ.

गरोदरपण, विशेषतः अखेरचे महिने, जास्त इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या, दम्यासाठी वा संधिवातासाठी दीर्घकाळ पोटात घेतलेली स्टिरॉइडे आणि एचआयव्हीने खचलेली प्रतिकारशक्ती ही आणखी काही कारणे. ऋतुप्राप्तीपूर्वी आणि ऋतुनिवृत्तीनंतर हा विकार क्वचितच होतो. तेव्हा साठीतील बाईला असा त्रास झाला तर त्यामागे मधुमेह आहे की दुसराच काही रोग आहे, याची शहानिशा करावी लागते.

कपड्यांविषयी थोडे अधिक लिहितो. कोकणात किंवा मुंबईच्या चाळीत पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळता वाळत नाहीत हे आपण सारेच जाणतो; परंतु घरातील पुरुषाचा बनियन गॅलरीतील दोरीवर उजळ माथ्याने उन्हात फडफडत असतो आणि त्याच घरातील सुनेची अंतर्वस्त्रे न्हाणीघरातल्या खिळ्यावर, पंच्याखाली किंवा परकराच्या आड, अंधारात आणि कोंदट हवेत लपवलेली असतात. ती दुसऱ्या दिवशी दमटच अंगावर चढतात, वरून कृत्रिम धाग्याचा घट्ट कपडा येतो, आणि जांघेतील ओल दिवसभर तशीच राहते. ही ओल एकटीच रोग निर्माण करते असे नव्हे, परंतु बुरशीला ती मानवते. सुती, सैल आणि उन्हात कडकडीत वाळलेले अंतर्वस्त्र हा बिनपैशाचा उपाय आहे, व त्यासाठी दोरीवर हातभर जागा तेवढी सुनेला मिळाली पाहिजे. याच्या उलट टोकाचा प्रमाद म्हणजे अतिस्वच्छता. योनीच्या आत साबण, जंतुनाशकाचे पाणी किंवा जाहिरातीतील सुगंधी द्रावण घालून धुण्याने तेथील आम्लता बिघडते व राखणदार जंतूंचाच नायनाट होतो. बाहेरची त्वचा साध्या पाण्याने धुवावी. आतला भाग आपली सफाई स्वतः करतो.

आता संशयाचा प्रश्न. बुरशीचा संसर्ग गुप्तरोगांत गणला जात नाही. ज्यांचा कधीही शरीरसंबंध आलेला नाही अशा मुलींना व स्त्रियांनाही तो होतो. म्हणून या खाजेवरून सुनेच्या वर्तनाविषयी सासूने, अथवा बायकोविषयी नवऱ्याने, काही अनुमान काढणे हे निखालस अन्यायाचे होय. संबंधाचा व बुरशीचा काहीच लागाबांधा नाही असे मात्र नव्हे. संबंधांतील घर्षणाने अस्तर दुखावते, ओलावा पुरेसा नसेल तर अधिकच. काही पुरुषांना स्त्रीकडून ही बुरशी लागते व शिश्नमुंडावर लाल पुरळ आणि खाज येते. तशी लक्षणे असतील तर त्यानेही मलम लावावे. नसतील तर या एका विकारासाठी नवऱ्याच्या औषधाची सहसा गरज पडत नाही. उपचार चालू असताना व आग थांबेपर्यंत संबंध टाळावा. ‘मालकांना कसं सांगू?’ असे जी गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, आशाताईच्या, कानात कुजबुजते, तिचा तो प्रश्न औषधाहून अवघड आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचे कर्तव्य मालकांचे आहे.

परंतु खाज म्हणजे बुरशीच, असे गृहीत धरण्यात मोठा धोका आहे. जंतूंचा समतोल ढळून होणाऱ्या दुसऱ्या एका विकारात पातळ, करड्या रंगाचा व माशासारख्या वासाचा स्राव येतो. ट्रायकोमोनास या संबंधांतून पसरणाऱ्या परजीवीने हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव होतो, आणि त्यात पतिपत्नी दोघांनीही औषध घेतल्यावाचून रोग हटत नाही. गनोरिया व क्लॅमिडिया हे तर पुष्कळदा लक्षणांवाचून गर्भाशयमुखात दडून राहतात व गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्व आणतात. आपला आजार आपल्याला ठाऊक आहे अशा खात्रीने दुकानातून बुरशीचे औषध घेणाऱ्या स्त्रियांची अमेरिकेत एक पाहणी झाली, तीत जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांनाच निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला. वास्तविक खात्री करून घेणे मुळीच कठीण नाही. कापसाच्या काडीने घेतलेला स्राव काचपट्टीवर ठेवावयाचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा एक थेंब सोडावयाचा; त्या थेंबाने पेशी विरघळतात, बुरशी मात्र विरघळत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फांद्या फुटलेले तंतू व त्यांना लगडलेल्या कळ्या स्पष्ट दिसतात. शेजारी सामू मोजण्याची कागदी पट्टी असली म्हणजे काही मिनिटांत निवाडा होतो. जेथे सूक्ष्मदर्शक नाही तेथे सरकारी दवाखान्यात लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आहे. योनिस्रावासाठी हिरव्या रंगाचे पाकीट दिले जाते आणि त्यात सेक्निडाझोल व फ्लुकोनाझोल अशी दोन औषधे एकत्र असतात, ती याचसाठी, की नुसत्या स्रावावरून नेमका अपराधी ओळखणे अवघड असते.

गजकर्णाचे म्हणून जे मलम गल्लीतल्या दुकानात मागितल्याबरोबर मिळते त्यात अनेकदा जहाल स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज तासाभरात थांबते, त्वचा पातळ होते, आणि बुरशी आतल्या आत पसरते. हे मलम जननांगाला चोळू नये, हे मी विनवून सांगतो.

याहून भयंकर प्रकार बीड जिल्ह्यात घडला. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. उसाच्या फडात न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत रजा नाही, खाडा झाला तर उलट दंड; अशा स्थितीत पोट दुखते, अंगावरून जाते, म्हणून दवाखान्याची पायरी चढलेल्या कित्येक बायकांना पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, असे भय घालण्यात आले. सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणता येणार नाही. पण ज्या तक्रारीची तड एका काचपट्टीने आणि काही रुपयांच्या गोळीने लागू शकली असती, त्या तक्रारीपायी तिशीतील बाईने गर्भाशय गमवावे, ही गोष्ट ज्या समाजात घडते त्याने आपल्या मौनाची किंमत एकदा मोजून पाहिलीच पाहिजे.

औषधे पूर्वीपासून अशी सुलभ नव्हती. बुरशीवर माणसाला निर्धोकपणे देता येईल असे पहिले प्रतिजैविक एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकन स्त्रियांनी शोधले. एक न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतील जीव वाढवीत असे, दुसरी ऑल्बनीत त्यांतील रसायन वेगळे करी, आणि त्या दोघींमधील ने-आण टपालाने, काचेच्या बरण्यांतून चाले. १९५० साली त्यांनी जाहीर केलेले औषध म्हणजे निस्टॅटिन. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून ते नाव पडले, आणि त्याच्या स्वामित्वधनातील एक पैही स्वतःसाठी न ठेवता दोघींनी ते सारे संशोधनाला दिले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातही डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफले. आज बहुधा क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवावयाची गोळी किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची पोटात घ्यावयाची एकच मात्रा पुरते. गरोदर स्त्रीने पोटात घेण्याची गोळी टाळून डॉक्टरांच्या सल्ल्याने सात दिवस स्थानिक औषध वापरावे. वर्षात तीन वा अधिक वेळा त्रास उद्भवला तर बुरशीची जात तपासून सहा महिन्यांचा दीर्घ उपचार करावा लागतो. दही खाणे आरोग्याला चांगले, पण त्याने हा संसर्ग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. दही, लसूण वा लिंबू योनीत ठेवण्याचे उपाय तर टाळावेतच.

सुरक्षित संबंधांविषयी मराठीत निःसंकोचपणे लिहिण्याचा मान रघुनाथ धोंडो कर्वे यांचा आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून खटले सोसले, आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. ते प्रश्न आजही तेच आहेत. १९६८ पासून सरकारने ‘निरोध’ गावोगाव पोहोचवला, परंतु तो पाळणा लांबवण्याचे साधन म्हणून. रोगनिवारणाचे साधन म्हणून त्याचा विचार करावयास एचआयव्हीच्या साथीने भाग पाडले, तेव्हा नवऱ्यापुढे निरोधची गोष्ट काढणे म्हणजे त्याच्या चारित्र्यावर आळ घेणे, अशी नवीच अडचण घराघरांत उभी राहिली. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेबरोबर काम करणाऱ्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी मात्र आपल्या सोबतिणींना निरोध वाटून आणि ‘निरोधशिवाय गिऱ्हाईक नाही’ असा आग्रह धरून दाखवला. ज्यांना समाज सर्वांत दुबळ्या समजतो त्यांना जे साधले, ते लग्नाच्या बायकोला मागताही येऊ नये, ही परिस्थिती पुरुषांनी बदलावयाची आहे.

निरोध योग्य रीतीने व प्रत्येक वेळी वापरला तर एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास यांपासून मोठे संरक्षण मिळते; कातडीच्या स्पर्शाने पसरणाऱ्या, जननांगावरील नागीण व चामखीळ यांच्यापासून ते थोडे कमी मिळते. पाकिटावरील मुदत पाहावी, ते दाताने वा कात्रीने फाडू नये. टोक चिमटीत धरून हवा काढावी, ताठर झालेल्या शिश्नावर तो मुळापर्यंत उलगडावा, आणि स्खलनानंतर शैथिल्य येण्यापूर्वी मुळाशी धरून बाहेर यावे. तो खिशातील पाकिटात महिनोन्‌महिने बाळगला तर उष्णतेने त्याचे रबर खराब होते. आपल्या घरांतील विशेष चूक खोबरेल तेलाची आहे : खोबरेल, तूप, व्हॅसलीन हे स्निग्ध पदार्थ रबरी निरोधला थोड्याच वेळात कमकुवत करतात आणि तो फाटतो. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे. बुरशीवरील योनीत ठेवावयाच्या गोळ्या व मलमे यांतही पुष्कळदा तेलाचा अंश असल्यामुळे ती चालू असताना रबरी निरोधवर भिस्त ठेवता येत नाही. त्या दिवसांत संबंध टाळावा असे सांगण्याचे हे दुसरे सबळ कारण होय. निरोधवर शुक्रजंतुनाशक लावलेले असेल तर त्याने काही स्त्रियांचे अस्तर चुरचुरते आणि बुरशीचा त्रास वाढतो. त्यांनी तसला निरोध घेऊ नये.

ओटीपोटात दुखणे, ताप, रक्तमिश्रित किंवा दुर्गंधी स्राव, जननांगावर फोड वा व्रण, संबंधानंतर रक्त जाणे, यांपैकी काहीही असेल तर ते बुरशीचे लक्षण नव्हे, आणि त्यासाठी त्याच आठवड्यात तपासणी करवून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने असे विभाग चालतात. एचआयव्हीची तपासणी व समुपदेशन सरकारी केंद्रांत मोफत मिळते, १०९७ या क्रमांकावर माहिती विचारता येते, आणि २०१७ च्या कायद्यान्वये रुग्णाच्या संमतीवाचून ती तपासणी करण्यास वा तिचा निकाल इतरांस कळवण्यास मनाई आहे. जोडप्याने एकत्र जावे. आणि एकत्र जाणे जमत नसेल, तर स्त्रीला एकटीने जाण्याचा पूर्ण हक्क आहे.